चढणीचं पाणी

तू कुठे आहेस, हे आता बोटानं दाखवता येत नाही.

पाणी दाखवता येतं. ते पुष्कळ आहे. नाकाडोंगरी मागे पडते, सागाची रांग विरळ होते, आणि खोडाखोडांच्या फटींतून ते आधी लुकलुकतं, मग उघडं पडतं, मग नजरेला दुसरं काही उरतच नाही. राजीव सागर. बावनथडी प्रकल्पाचा जलाशय. एक काठ भंडाऱ्याचा, तुमसर तालुक्यातला, दुसरा बालाघाटचा. मधल्या पाण्यावर कुणाला रेघ ओढता आली नाही, म्हणून ते दोन्ही राज्यांचं.

आणि त्या पाण्याच्या तळाशी तू.

बावनथडी.

नदी म्हणून हाक घालतो. ओ देतं ते तळं.


काठाशी बसून मी कान देतो. खोड जुनी, जात नाही. तुझ्या काठच्या माणसाचे कान आधी जागे व्हायचे, डोळे मागून. तुझा आवाज एक नव्हता. गोट्यांवरून जाताना तू वेगळी होतीस, वाळूवरून वेगळी; काळ्या खडकांच्या पायऱ्यांवर तुझ्या बोलण्याला धार यायची, आणि डोहाशी आलीस की बोलता बोलता गप्प व्हायचीस. वर सिवनीच्या पठारावर पाऊस झाला, की इथे आभाळ कोरडं असतानाही तुझा सूर जड व्हायचा. अंगणात खाटेवर निजलेली म्हातारी माणसं अंधारातच म्हणायची, "नदी भरून येऊन रायली." कुणी उठून बघायला जात नसे. ऐकलं होतं. तेवढं पुरे होतं.

आता वारा सुटला की लाटा काठावर आपटतात. तोही आवाजच. पण तो वाऱ्याचा. वारा पडला की संपतो.

साचलेलं पाणी बोलत नाही. त्याला कुठे पोचायचं नसतं.


चढणीच्या रात्री आठवतात तुला?

मृग सरून आर्द्रा लागलेली. पहिला पाऊस जमिनीनं पिऊन टाकलेला, दुसराही. तापलेल्या मातीची तहान संपलेली. आणि मग एका संध्याकाळी काळं आभाळ डोंगरावरून खाली उतरायचं आणि रात्रभर उतरतच राहायचं, आणि नाल्यांना, ओढ्यांना, पायवाटांना, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनासुद्धा पाणी सुटायचं, आणि ते गढूळ, कोमट, पाल्याचा आणि मातीचा वास असलेलं पाणी तुझ्यात पडताच तुझ्या पोटात काहीतरी जागं व्हायचं, आणि उन्हाळाभर डोहाच्या गारव्यात दम धरून राहिलेले मासे, अंड्यांनी तटतटलेले, तोंडं प्रवाहाकडे करून निघायचे, उलटे, वर, जिकडून पाणी येतं तिकडे, खडकांच्या पायऱ्यांवर उडी घेत, पडत, पुन्हा उडी घेत, तुझ्यातून नाल्यात, नाल्यातून धानाच्या बांधीत, एका बांधीतून वरच्या बांधीत, जिथे चार बोटं पाणी तिथेही पाठ उघडी टाकून सळसळत, आणि काठानं कंदील धावायचे, टेंभे धावायचे, ओल्या घोंगड्या, ओली डोकी, पोरांच्या उघड्या पोटऱ्यांना काहीतरी थंडगार घासून जायचं आणि पोरं किंचाळायची, आणि पहाटेपर्यंत जंगलापासून गावाच्या शिवेपर्यंत सगळी जमीन एकच नदी होऊन हलत असायची.

रात्रभर.

मग उजाडायचं. पाणी उतरलेलं. बांधीच्या कोपऱ्यात अडकून राहिलेलं एखादं चांदीचं पातं, अजून वरच्याच दिशेला तोंड केलेलं.


ते कुठे जात होते, हे मी लहानपणी विचारत असे. वर, एवढंच सांगत सगळे. वर म्हणजे कुठे? जिथून आपण आलो तिथे.

मोठं झाल्यावर पुस्तकांतून कळलं की रोहू, कतला, मृगळ यांना साचलेल्या पाण्यात वीण नाही. वाहतं पाणी लागतं. पुराचा धक्का लागतो. गढूळपणा, उथळपणा, रात्रीचा पाऊस, सगळं एका वेळी जुळून यावं लागतं. तळ्यात अडकलेल्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात, ती वाट बघते, पाऊस पडतो, पाणी थोडं वर चढतं, पण हलत नाही. मग ती अंडी तिच्याच पोटात हळूहळू विरून जातात.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं.

आता या विस्तीर्ण पाण्याकडे बघताना तीच मादी दिसते. एखादी नाही. कितीतरी. आर्द्रा लागली की खाली, अंधारात, त्या पाण्याच्या भिंतीशी तोंड लावून उभ्या. वरच्या अंगाला, जंगलात, तू अजून वाहतेस, मला ठाऊक आहे. काहींना तुझी वाट सापडतही असेल. तेवढ्या एका आशेवर मी पावसाळ्यात मध्य प्रदेशाच्या बाजूचे ढग बघत बसतो.


मरळीला मात्र तुझ्या वाहण्याची गरज नव्हती. ती डोहाच्या कडेला, पाणगवतात घर करायची. जोडीनं राहायची. अंडी फुटली की तांबूस पिल्लांचा थवाच्या थवा पाण्याच्या वरच्या पदराला यायचा, उकळी फुटावी तसा, आणि त्या तांबड्या उकळीखाली दोन काळ्या सावल्या सतत फिरत असायच्या. आई आणि बाप. दोघंही. पिल्लं श्वास घ्यायला वर येत, सावल्या खालून राखण करत. ढिवरांत अशी माणसं होती, जी त्या दिवसांत गरी पाण्यात टाकत नसत. कुणी सांगितलेलं नव्हतं. लिहिलेलं तर नव्हतंच. "लेकरं लहान हाय तिचे," एवढं म्हणायचे आणि दुसऱ्या अंगाला निघून जायचे.

ढिवरांइतकी तुझी ओळख दुसऱ्या कुणाला नव्हती. शेतकऱ्याला तू काठाकाठानं ठाऊक. गुराख्याला उतारानं. ढिवराला खोलीनं. कुठल्या खडकाखाली कपार आहे, कुठल्या वळणावर पाणी वरून पुढे आणि तळातून मागे जातं, वैशाखात डोह किती आटला म्हणजे शिंगूर चिखलात शिरतो, कुठल्या वाऱ्याला काटवा वर येत नाही. दाडक, बोटरी, वांब. प्रत्येकाची वेळ वेगळी. प्रत्येकाचा अंधार वेगळा. डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा माणूस मी पाहिला आहे. जाळं हातातून सुटून हवेत पसरायचं, उन्हात एक क्षण त्याचं गोल जाळीदार आभाळ व्हायचं, आणि मग ते पाण्यावर इतकं हलक्यानं पडायचं की आवाजाआधी वर्तुळच दिसायचं.

तो माणूस जे शिकला, ते तुझ्यावर लिहिलेलं होतं. तूच बुडालीस.


आणि तो झिंगा.

लांब नांग्यांचा, निळसर, हाताच्या पंजात न मावणारा. तू जिला मिळतेस, त्या वैनगंगेचा झिंगा. भंडाऱ्याच्या बाजारात त्याचं नाव निघालं की वयस्क माणसांचे डोळे अजून बारीक होतात. गोदावरीच्या खोऱ्यातला हा जीव. त्याच्या पिल्लांना गोडं पाणी पुरत नाही, मचूळ लागतं, समुद्र जिथे नदीच्या तोंडाशी येऊन तिला चाखतो तिथलं. म्हणजे पोटाखाली अंडी सांभाळणारी एक आई पुराबरोबर खाली जाणार, वैनगंगेतून प्राणहितेत, सिरोंचाजवळ गोदावरीत, पापीकोंडांच्या खिंडीतून राजमहेंद्रीकडे, तिच्या कणाएवढ्या पिल्लांना बंगालच्या उपसागराची खारट चव लागणार, आणि मग ती पिल्लं, नखाएवढी झाल्यावर, ज्या नद्या त्यांनी कधी पाहिल्या नाहीत त्या नद्यांतून, काठाकाठानं, रात्री-रात्री, दगड धरत, उलट्या पाण्यानं शेकडो कोस वर चढत येणार.

समुद्र इथून किती दूर आहे. आमच्यापैकी कितीतरी म्हाताऱ्यांनी तो आयुष्यात पाहिला नाही. पण त्यांच्या ताटात तो येऊन गेला होता. कुणाला माहीत नव्हतं, एवढंच.

पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. मी कारणं शोधत नाही. तारीख फक्त नोंदवून ठेवतो, जशी घरातल्या माणसाची ठेवतात.

समुद्राकडचं दार आमच्या घराला होतं, हे दार लागल्यावर कळलं.


तळाशी तू एकटी नाहीस, हेही आठवतं.

कमकासूर. डोहाचं नाव लावणारं सुसुरडोह. तुझ्या सोबतीनं राहिलेली गावं, आता दुसरीकडे वसलेली. माणसं गेली, गुरं गेली, घरांचे वासेसुद्धा काही जणांनी काढून नेले. नेता आलं नाही ते राहिलं. मोहाची झाडं राहिली. ज्यांच्या सावलीत फुलं वेचली ती झाडं कुणाच्या गाडीत बसणार?

संध्याकाळी चुलींचा उजेड तुझ्या पाण्यात पडायचा. लांबून मोजता येत असे, आज कुणाकडे उशिरा चूल पेटली. आता त्या जागी संध्याकाळ थेट पाण्यावर उतरते. मध्ये काहीच नाही. पश्चिमेकडचा तांबडा उजेड काठापासून काठापर्यंत पसरतो, इतका मोठा, इतका अखंड, की सुंदर म्हणावंसं वाटतं. मी म्हणतो. सुंदर आहे ते. पण त्या उजेडाला टेकायला एक भिंत नाही, एक कौल नाही, उंबऱ्यावर बसलेलं एक माणूस नाही.

उन्हाळ्यात पाणी मागे सरतं. मग काठाचा चिखल भेगाळतो आणि काही काही उघडं पडतं. ओट्याचे दगड. झाडांचे खुंट, काळे, पाणी प्यायलेले, ओळीनं उभे. त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसतात. मी त्या ओळींवरून तुझा काठ ओळखायचा प्रयत्न करतो. हे झाड इथे, म्हणजे उतार तिथे, म्हणजे डोह...

मग मोसम बदलतो. पाणी सगळं पुसून टाकतं.


या पाण्यावरही मासेमारी होते. होऊ नये असं मी कसं म्हणू? पोटं आहेत. संस्था आहेत, ठेके आहेत, बर्फाच्या पेट्या आहेत. संध्याकाळी तंगुसाची जाळी पाण्यात उभी सोडतात, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यांना तरंगत धरून ठेवतात, आणि रात्रभर ते जाळं अंधारात उभं राहतं. माशाला फक्त पुढे जायचं असतं. मागे फिरता येत नाही.

जाळं कधी लावायचं, याचं ज्ञान इथेही तयार होतं आहे, नवं, कच्चं. अंधारपाखात लावा; चांदण्यात माशाला धागा दिसतो. थंडी कडक पडली की मासा खोल जातो. वारा उत्तरेचा झाला की छोट्या डोंग्यानं मध्यावर जायचं नाही, नदीच्या माणसाला लाट ठाऊक नसते. पूर ठाऊक असतो, भोवरा ठाऊक असतो, पण उघड्या पाण्यावरची ही कोरडी, सपाट, कुठूनही येणारी लाट त्यानं बापाकडून शिकलेली नाही. तळ्याच्या मध्यावर गेलं की चारी काठ सारखे दिसतात. नदीत कधी कुणी हरवलं नव्हतं. दोनच बाजू होत्या.

पहाटे जाळं ओढतात. धुकं इतकं दाट की डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसलेला भाऊ दिसत नाही, त्याचं खोकणं तेवढं ऐकू येतं. हाताला जाळं जड लागतं. खूप जड. माणूस हसतो, जोर लावतो. वर येत नाही. पुन्हा जोर लावतो, आणि मग हाताला कळतं.

खोड आहे. मोहाचं असेल, सागाचं असेल. ते सोडत नाही.

जाळं फाडूनच काढावं लागतं. हे मी एकापेक्षा जास्त जणांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी सांगणाऱ्याचा आवाज शेवटाकडे खाली गेला आहे.


बीज गाडीनं येतं.

जाड प्लास्टिकच्या पिशव्या, अर्धं पाणी, अर्धा प्राणवायू, तोंड रबरानं घट्ट बांधलेलं. आत केसाएवढे हजारो जीव, उन्हाला धरलं तर धुळीचे कण हलावेत तसे. पिशवी आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवतात, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची ऊब एक होईस्तोवर. मग तोंड सोडतात. क्षणभर ते जीव पिशवीतच थांबतात.

१० जुलै १९५७ या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मस्तकातल्या ग्रंथीचा अर्क टोचून, न वाहणाऱ्या पाण्यात कार्प माशांना अंडी घालायला लावली. तो दिवस देशभर मत्स्यपालकांचा दिवस म्हणून पाळतात. पाळावाच. त्या एका टोचणीनं किती घरांत अन्न गेलं आहे. पुराचं जे बोलावणं तू दर आर्द्राला पाठवायचीस, ते एका बारीक सुईत मावलं.

मी त्या सुईपुढे हात जोडतो. आणि तुझ्यासाठी रडतो. दोन्ही खरं आहे.

पिशवीतून सुटलेलं पिल्लू इथे वाढेल, चकाकेल, किलोचं होईल, दोन किलोचं होईल, जाळ्यात येईल, तुमसरला जाईल, नागपूरला जाईल. त्याच्या अंगावरचा खवला खरा. त्याची चवही वाईट नाही. फक्त ते कुठूनही आलेलं नाही. त्याला परत जायला जागा नाही. वर्षातून एका रात्री, पहिल्या पावसाचा थेंब पाण्यावर पडताना, त्याच्या अंगातून काहीतरी सरकून जात असेल, आणि त्याला ते काय आहे हे सांगणारं कुणी नाही.


बाजारच्या दिवशी मी मासे विकणाऱ्या बायांच्या रांगेतून जातो. टोपलीत ओला पाला, पाल्यावर मासे, हातात माशा वारायची फांदी. एकीला विचारतो, अजून विचारतो, "बोटरी हाय का वो, मावशी?"

ती माझ्याकडे बघते. तिचं वय मला समजतं त्या बघण्यात.

"आता कोठची बोटरी, भाऊ. कतला घ्या. ताजा हाय."

मी कतला घेतो. ती कापते. मध्येच सुरी थांबवून म्हणते, "माझी माय हातानं पकडे बोटरी. या एवढ्या पाण्यात." आणि घोट्याच्या जरा वर बोट लावून दाखवते. सुरी पुन्हा चालू लागते.

एवढ्या पाण्यात. पाणी होतं किती कमी, तुझ्याजवळ. आणि किती काय मावलं होतं त्यात.


साठवलेल्या पाण्याचं आम्हाला वावडं नव्हतं, बावनथडी. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर तू म्हणशील, ही माणसं तळ्यावर रागावलेली. आम्ही तर तळ्यांचेच. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. कोहळ्यांनी पिढ्यानपिढ्या इथे माती रचली. दोन टेकड्यांमधला उतार बघायचा, पाणी कुठे थांबू म्हणतं आहे ते बघायचं, आणि तिथे पार घालायची. नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधला म्हणतात. तिथून साकोलीपर्यंत, साकोलीपासून इथपर्यंत, नकाशावर पाहिलं तर जमिनीला डोळे फुटलेले दिसतात. गोंड राजांच्या काळात बांधले, मालगुजारांनी सांभाळले, १९५१ ला मालगुजारी गेली आणि ते सरकारचे झाले. माजी मालगुजारी. लोकांच्या तोंडी मामा तलाव. आणि लहान, शेताच्या उशाला असलेल्या बोड्या तर मोजण्यापलीकडच्या.

पण ते थांबवणं वेगळं होतं. त्या तलावाला एक सलंग असायची. पाणी भरलं की जास्तीचं पाणी सलंगेवरून पसरट, पातळ, गवताला वाकवत उतरायचं, खालच्या बांधीत, नाल्यात, नाल्यातून तुझ्याकडे. आणि ज्या वाटेनं पाणी उतरायचं त्याच वाटेनं तुझा मासा चढायचा. तलाव नदीला धरून होता. नदी तलावाला धरून होती. मध्ये धान उभं. माणूस ते पाणी अडवत होता, पण हात मोकळा ठेवून.

तलावाच्या उथळ कडेला देवधान उगवायचं. देवधानाच्या बुडाशी माशांची अंडी. कमळाच्या पानाखाली सावली. तिथे बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून, एकमेकींशी बोलत, हातजाळ्यानं झिंगे गोळा करायच्या. त्यांची बोलणी पाण्यावरून पलीकडच्या पारेपर्यंत स्पष्ट ऐकू यायची. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या जावयाचं. तलावाला गावातलं सगळं ठाऊक असायचं.

राजीव सागराच्या काठाला मी खूप वेळ थांबतो. पाण्यावरून बोलणं येत नाही.


ओडिशात चिलिका आहे. समुद्राला लागून असलेलं अफाट सरोवर, गोड आणि खाऱ्याच्या मधलं. त्याचं समुद्राकडचं तोंड गाळानं आवळत गेलं, आतलं पाणी गोडं पडत गेलं, मासा हटला, झिंगा हटला, खेकडा हटला. मग सप्टेंबर २००० मध्ये माणसांनी वाळूचा पट्टा कापून समुद्राला एक नवं तोंड उघडून दिलं. भरती आत शिरली. आणि मासे आले. त्यांना कुणी निरोप पाठवला नव्हता. दार उघडलं, एवढंच त्यांना कळलं.

हे मी तुला का सांगतो आहे?

कुणीतरी कुठेतरी दार उघडलं होतं, हे तुला माहीत असावं म्हणून.

आपल्या राज्यानं २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला. चंदेरी, देखणा, समुद्राचा. त्याचा मान त्याला मिळो. त्या दिवशी बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र बांधीच्या कोपऱ्यातलं ते पातं आलं, उतरलेल्या पाण्यात तोंड वर करून पडलेलं. त्यालाही कुणी काही म्हणायला हवं होतं. तोही या राज्याचा होता. तोही चंदेरी होता.


उजेडाचं एक सांगू? तुझ्यावर पडलेला उजेड तुटायचा. गोट्यांवर, लहरींवर, खडकांवरून पडताना त्याचे हजार तुकडे व्हायचे आणि ते तुकडे पुलाच्या पोटावर, करंजाच्या पानांच्या मागच्या बाजूला, पाणी भरणाऱ्या बाईच्या गळ्यावर थरथरत राहायचे. झाडाखाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो उजेड सारखा वाहत असायचा. तू दिसत नसलीस तरी त्या थरथरीवरून कळायचं, जवळपास आहेस.

आताचा उजेड अखंड असतो. तो पाण्यावर पडतो आणि पडून राहतो. दुपारी बघवत नाही त्याच्याकडे. झाडांच्या पानांमागे काही हलत नाही.

कधीतरी, अगदी कधीतरी, संध्याकाळच्या वाऱ्यात एका ठिकाणी पाण्यावर एक गडद पट्टा उठतो, लांब, वाकडा, दोन्ही बाजूंचं पाणी फिकं आणि तेवढंच काळपट. मी उठून उभा राहतो. तो पट्टा तुझ्याच वळणावर आहे, असं मला वाटतं. म्हणजे तू खाली अजून चालते आहेस. वरच्या एवढ्या भारात, दिशा न सोडता, वैनगंगेकडे.

वाराच असेल तो. मला माहीत आहे. तरी मी उभाच राहतो.


आणि भिंतीखाली तू पुन्हा सुरू होतेस.

मागच्या पावसाळ्यात सितेकसाच्या या धरणातून पाणी सोडलं, तेव्हा मी खाली गेलो होतो. तिथे तू होतीस. गढूळ, फेसाळ, बेभान, तुझ्या जुन्या आवाजात. कानाचे पडदे हलत होते आणि मला हसू येत होतं. रस्त्यावर मोटारसायकली उभ्या, त्यांचे दिवे पाण्यावर सोडलेले, डोक्यावर पोती, छत्र्या, युरियाच्या पिशव्या. कारण ते आले होते. वैनगंगेकडून, खालून, अंड्यांनी भरलेले, वाहत्या पाण्याचं बोलावणं ऐकून. जितके उरलेत तितके. त्यांना वर जायचं होतं. पुढे काय उभं आहे याची त्यांना पर्वा नव्हती. एक मासा पाण्याच्या पडद्यातून सरळ वर उडाला, सिमेंटला आदळला, पडला, आणि मी श्वास घेण्याआधी पुन्हा उडाला. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शेजारच्या अनोळखी माणसानं माझा दंड घट्ट धरला होता, आणि तोही ओरडत होता.

थोडं खाली, जिथे पाणी जरा शांत होऊन पसरत होतं, तिथे एक म्हातारा ढिवर गुडघाभर पाण्यात उभा होता, बाजूला त्याचा नातू. पोरगं जाळं धरून थरथरत होतं, थंडीनं की आनंदानं, कोण जाणे. त्यानं जाळ्याचं तोंड भिंतीकडे केलेलं. म्हाताऱ्यानं न रागावता त्याचे दोन्ही हात धरले आणि फिरवले.

"खाली कर तोंड, खालच्या अंगाले. मासा वरून येत नाई गा. मासा वर जाते."